बाईंच्या नऊ बंदिशी, माझी चौकटीची वही

मी गाणं शिकायला लागले सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तेही ब्लाउजमुळे. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका खोलीत माझं शिवणाचं मशीन होतं. गाणं शिकवणाऱ्या बाई नाहूरहून ब्लाउज टाकायला यायच्या. मी टेप धरायची, आकडे मोठ्याने म्हणायची आणि मग वहीत लिहायची. एकदा बाई म्हणाल्या, "तू छाती छत्तीस, कंबर बत्तीस सुरात म्हणतेस. मंगळवारी येत जा माझ्याकडे." मला वाटलं थट्टा करतायत. नंतर कळलं की बाई थट्टा करत नाहीत, करायची असली तर आधी सांगतात.

गेली नऊ वर्षं मंगळवार आणि शुक्रवार मी त्यांच्याकडे जातेय. आम्ही पाचजणी आहोत, आणि त्या पाचांत गळ्याने मी पाचवी. हे मी रडत सांगत नाही. कुणीतरी पाचवं असावंच लागतं.

तर यंदा दिवाळीनंतर बाईंचा आवाज बसला तो उठेचना. आधी सर्दी म्हटलं, मग हवा म्हटलं, नाहूरला त्यांच्या मागेच दोन टॉवर उभे राहतायत तर धूळ म्हटलं. शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि स्वरतंतूवर गाठ आहे म्हणाले. ऑपरेशनची तारीख मिळाली. त्यानंतर महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. आणि महिन्यानंतर कसा आवाज येईल? डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरता नक्की येईल. गाण्याचं त्यांनी काही सांगितलं नाही, आणि बाईंनी विचारलं नाही.

तारखेला बावीस दिवस होते. त्या शुक्रवारी बाकीच्या चौघी गेल्यावर बाईंनी मला थांबवलं. त्यांच्या गुरुजींच्या नऊ बंदिशी अशा आहेत की त्या आता दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नाहीत. गुरुजी गेले, बरोबरचे शिकणारे गेले किंवा गाणं सोडून बसले. बाईंकडे एक जुनी वही आहे, तिच्यात नुसते शब्द. स्वर एक नाही.

"तू लिहून काढ," बाई म्हणाल्या.

"मी? बाई, मला कुठे येतं नोटेशन?"

"मला तरी कुठे येतं? मला कुणी कागदावर शिकवलंच नाही. पण तुझं अक्षर वाचता येतं. तुझी मापांची वही बघितलीय मी."

घरी येताना रिक्षात बोटं गुडघ्यावर वाजत होती. रिक्षावाला आरशातून बघायला लागला तेव्हा पर्स घट्ट धरून बसले.

घाटकोपरला एका रद्दीवाल्याकडे स्वरलिपीचं एक जुनं पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली बारा पानं गेलेली. म्हणजे ज्या पानांवर सगळं समजावलं असणार नेमकी तीच नाहीत. मग उरलेल्या पानांवरून मी अंदाजाने शिकले. स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे वरचं सप्तक, पायाशी टिंब म्हणजे खालचं. खाली आडवी रेघ असली की कोमल. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, असेल तिथे फुली; खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा, असेल तिथे शून्य. स्वर लांबला तर पुढच्या घरात नुसती आडवी रेघ. नातीच्या दप्तरातून गणिताची एक कोरी चौकटीची वही उचलली, तिला नवी आणून देईन सांगून. सोळा चौकटी, सोळा मात्रा. झकास वाटलं.

पहिल्याच दिवशी वाट लागली. मी पहिल्या चौकटीत फुली मारली आणि बंदिशीचा पहिला शब्द तिथे बसवला. कापड बेततानाही मी खांद्यापासूनच सुरुवात करते, डोक्यात तेच. बाईंसमोर वही वाचून म्हणून दाखवली तर त्या डोळे बारीक करून ऐकत राहिल्या. "शब्द माझे आहेत," म्हणाल्या, "बाकी कुणाचं आहे?" मग हाताने ताल देऊन दाखवला. ही बंदिश खालीपासून उठते, नवव्या मात्रेपासून, आणि आठ मात्रा चालून समेवर येते. अशा खालीपासून उठणाऱ्या बंदिशी मी नऊ वर्षं गात होते. पण गाताना जे आपोआप होतं ते कागदावर मांडायला गेलं की आपल्याला काहीच माहीत नाही हे कळतं.

तेव्हापासून मी घरात चालता चालता मात्रा मोजायला लागले. कुकरच्या शिट्ट्यांवर मोजायचे, भाजीच्या रांगेत मोजायचे. आमचे हे मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद झाल्यावर वॉचमनची नोकरी करून आता घरी बसलेत. एकदा पोळपाटावर माझी टाळी-खाली चाललेली बघून म्हणाले, "गो, पोळयेक पण मात्रा असतत काय? माका मेल्याक भूक लागलीहा."

"असतात. तुमची पोळी विलंबित आहे."

"ता दिसताच हा," म्हणाले आणि स्वतःच तवा चढवला.

आता कुणीही विचारेल की फोनवर रेकॉर्ड का नाही केलं. केलं ना. प्रत्येक बंदिश तीन वेगवेगळ्या दुपारी बाईंकडून गाऊन घेतली. आवाज खरखरीत, मध्ये खोकला, मागे बांधकामाचं मशीन. पण खरी अडचण ती नव्हतीच. अडचण ही की तीन दुपारी तीन तऱ्हा. एके ठिकाणी आज इकडून आल्या, परवा तिकडून.

"बाई, यातली खरी कुठली?"

"तिन्ही."

"मला एकच लिहायचीय ना पण."

"मग तू ठरव."

"मी कशी ठरवू?"

"एवढी मापं घेतलीस आयुष्यभर, तेव्हा कुणाला विचारत होतीस?"

ते मला लागलं आणि पटलंही. माप मी नेहमी तीनदा घ्यायचे. बाया श्वास धरतात, पोट आत घेतात, तीनदा घेतलं की खरा आकडा सापडतो. मग इथेही तोच नियम लावला. तिन्ही वेळा जे सारखं येतं ती बंदिश. जे बदलतं ती त्या दिवसाची हौस, ती सोडून द्यायची. हा नियम सापडल्यावर काम पळायला लागलं. बारा दिवसांत सहा बंदिशी झाल्या. खोडरबराचा चुरा घरभर, पण वही अशी देखणी की मी उगीचच उघडून बघायचे.

तेराव्या दिवशी बोरिवलीची ताई आली. वयाने माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण बाईंकडे तीस वर्षांपूर्वी शिकलेली, म्हणून आम्हा सगळ्यांची ताई. बँकेतली नोकरी लागल्यावर तिचं येणं सुटलं होतं. बाईंच्या आजाराचं कळलं म्हणून लिंक रोडने बस पकडून आली. तिने परीक्षा दिलेल्या, त्यामुळे ती लिपी आपण पेपर वाचावा तशी वाचते. बाई आत जरा पडल्या होत्या. मी मोठ्या तोऱ्यात वही तिच्या पुढ्यात ठेवली.

भूपातली बंदिश काढून ती हळू आवाजात गायला लागली. अस्थाई झाली, मान हलली. अंतऱ्यात तिसऱ्या ओळीला ती थांबली, परत मागून आली, परत थांबली.

"चुकलंय का गं?" मी विचारलं.

तिने दाराकडे बघितलं आणि मला गॅलरीत घेऊन गेली.

"इथे वर गंधारावर जायचं असतं. वरच्या सप्तकातल्या. तू रे वरून परत खाली आणलंयस."

"मी नाही आणलं. बाईंनी आणलं. तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये तसंच आहे, ऐकवू?"

"ऐकवू नकोस. तिन्हीत तसंच असणार." ती कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिली. "बाईंना तो गंधार लागत नाही आता. मग त्या अलगद वळतात. इतक्या सफाईने की वहीत दिसलं नसतं तर ऐकताना मलाही कळलं नसतं."

मी तिथेच गॅलरीतल्या स्टुलावर बसले. बाईंची पट्टी दोनदा खाली आणून झाली होती हे मला माहीत होतं. बाई वरच्या तानांना आम्हाला पुढे करतात हेही माहीत होतं. पण बंदिशीतसुद्धा असं होत असेल हे मनात आलं नाही. आणि माझा तो हुशारीचा नियम. तीनदा सारखं येईल ते खरं. अहो, गाठ तर तिन्ही दिवस घशात होतीच. मी बाईंचं आजारपण सुवाच्य अक्षरात बंदिशीत लिहून ठेवलं होतं, आणि पुढे कुणी त्यावरून शिकलं असतं तर धडधाकट गळ्याने आजारी बंदिश गायलं असतं.

ताई म्हणाली, "नऊपैकी चार मी तेव्हा शिकले होते, अजून आठवतात. त्या मी तुला दुरुस्त करून देते. बाईंना कशाला सांगायचं? ऑपरेशन तोंडावर आलंय."

"आणि बाकीच्या पाच?"

तिने वही मिटून माझ्या हातात दिली.

ते दोन दिवस माझे कसे गेले काय सांगू. वही उघडली की प्रत्येक ओळीवर संशय. ही ओळ गुरुजींनी अशी बांधली, की बाई इथून वळल्या? वरचा सा दिसला की बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. मशीनवर बसले तर शिलाई वाकडी गेली, चहा ठेवला तर साखर दोनदा पडली. विचारायचं तर होतंच, बाईंशिवाय उत्तर कुणाकडेच नव्हतं. पण विचारायचं म्हणजे तोंडावर सांगायचं की बाई, तुम्हाला गंधार लागत नाही हे आम्हाला कळलंय. आणि सांगणार कोण, तर पाचवी.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "विचार गो. फार तर काय, ओरडतली."

"ओरडायला आवाज कुठे आहे त्यांना?"

"मग भियातंस कित्याक?"

तारखेला सात दिवस उरले तेव्हा गेले. सकाळची वेळ, बाई खिडकीत बसून तांदूळ निवडत होत्या. मी इकडचं तिकडचं बोलले, त्यांच्या सुनेची चौकशी केली, तांदूळ कुठला विचारलं. बाई म्हणाल्या, "तू आज बसत का नाहीस? सारखी उठतेयस."

"बाई, भूपातली म्हणून दाखवू? वहीतली?"

"म्हण."

मी वहीत होती तशी म्हटली. रे वरून खाली आले. बाईंची बोटं तांदळात चालूच होती, "हं" म्हणाल्या. मग मी म्हटलं, एकदा परत म्हणते. आणि दुसऱ्या वेळेला त्या ओळीवर वर गेले. गंधार मला तरी कुठे धड लागतो? चिरकला. पण होता गंधारच.

बाईंचा हात थांबला. ताट त्यांनी खिडकीत सरकवून ठेवलं.

"हे कुणी सांगितलं?"

"ताईने. तिला आठवत होतं."

"हं." खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीं पीं चाललेलं. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं कळत नाही कुणाला."

"मला नाहीच कळलं, बाई."

"तुला कळलं नाही म्हणून तर तू लिहिलंस. कळलं असतं तर सोडून दिलं असतंस, माझी लाज राखायला." त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "किती ठिकाणी आहे असं?"

"ते तुम्हीच सांगायचं. म्हणून तर आले."

"वही आण इकडे."

मग पुढचे सहा दिवस मी रोज गेले. बाईंनी एक युक्ती काढली. जिथे वरचे स्वर असतील तिथे ती ओळ त्या खालच्या सप्तकात गायच्या आणि उजव्या हाताचं बोट छताकडे धरायच्या. बोट वर असेपर्यंत मी प्रत्येक स्वराच्या डोक्यावर टिंब द्यायचं. बोट खाली आलं की टिंबं बंद. बोट कधी पंख्याकडे, कधी नुसतं खांद्यापर्यंत, आणि मी वहीत मान खाली आणि वर, वर आणि खाली. बाईंची सून चहा घेऊन आली तर दारातच थबकली. तिला वाटलं पंख्याला काही झालंय.

नऊपैकी सहा बंदिशींत वळणं सापडली. एकीत तर तीन. प्रत्येक सापडलं की बाई म्हणायच्या, "खोड." मी खोडायची. एकदा खोडताना कागद फाटला, तर मागून चिकटपट्टी लावली. त्या म्हणाल्या, "असू दे, ठिगळ लावायला तुला कुणी शिकवायला नको."

आठ झाल्या. नववीशी येऊन गाडी अडकली. बिलावलातली, ताईला न येणारी. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत सा वर पोचल्यावर पुढच्या दोन मात्रा. आता गाताना बाई तिथून धैवताला उतरायच्या. हे वळण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण कशावरून वळल्या, ते आठवेना. बोट वर धरून एकदा रे ला गेल्या, नको म्हणाल्या. गंधाराला गेल्या, नको म्हणाल्या. दोन्ही जोडून बघितलं. "हे मी करायचे," म्हणाल्या, "तरुणपणी करायचे. पण असं नव्हतं." ऑपरेशनच्या आदल्या सकाळपर्यंत तेच. शेवटी म्हणाल्या, "दोन घरं रिकामी ठेव."

रिकामी घरं मला सहन होत नाहीत. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी त्या दोन चौकटींकडे बघत होते आणि आत डॉक्टर बाईंच्या घशातून ती गाठ काढत होते.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर बाईंच्या हातात नातवाची पाटी आणि खडू. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. मी रोज जाऊन त्यांच्यासमोर वहीतून गायचे, आठही बंदिशी, एकेक करून. चुकलं की त्या खडूने पाटीवर टक करायच्या. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून एवढी बोलणी मी खाल्ली नाहीत जेवढे ते टक खाल्ले. नववी मात्र मी शेवटी ठेवायचे, आणि त्या दोन घरांशी आले की कधी रे, कधी गंधार, कधी उलटं, असं काहीबाही घालून बघायचे. बाई मान हलवायच्या. नाही.

मौनाच्या एकोणिसाव्या दिवशी माझाच घसा दुखत होता. तरी गेले, घरी जीव थांबत नव्हता. आठ गाता गाता दम गेला. नववीच्या त्या ओळीला सा वर पोचले आणि वर जायचं त्राणच उरलं नाही, उतरायचंही सुचेना. तिथेच राहिले. सा धरून दोन मात्रा नुसती उभी.

पाटीवर टक झाला नाही. बाईंनी हात वर केला, थांब. मग परत म्हण अशी खूण केली. मला वाटलं चुकले, म्हणून दुसऱ्या वेळेला नेटाने गंधारावर गेले, तर टक टक टक. मग कळलं. परत म्हटलं, सा वर पोचले, आणि हलले नाही. फार कठीण गेलं. वर जायला जेवढा जोर लागत नाही तेवढा तिथे थांबायला लागला.

बाईंनी पाटी घेतली आणि लिहिलं, अक्षर थोडं वाकडं: गुरुजी इथे थांबायचे. मीच वर जायचे.

मी वाचलं. त्यांनी ते तळहाताने पुसलं आणि खाली लिहिलं: आवाज होता म्हणून.

म्हणजे वळण होतं, पण बाई ज्यावरून वळल्या ती वरची जागाच मुळात बंदिशीत नव्हती. ती त्यांनी जोमाच्या दिवसांत स्वतः चढवलेली, मग गळा थकल्यावर स्वतःच टाळलेली. मधे गुरुजींचं ते साधं थांबणं पार बुजून गेलं होतं. माझ्या मनात आलं, बाईंनाही माझ्यासारखंच रिकामं घर सहन होत नव्हतं तर. पण हे मी बोलले नाही. त्यांना उलट बोलता येत नसताना बोलणं बरं नव्हे.

मी वही उघडली. सा डोक्यावरच्या टिंबासकट तिथे होताच. पुढच्या दोन घरांत एकेक आडवी रेघ ओढली. पहिली जरा वाकडी आली, म्हणून खोडून सरळ काढली. मग ती दुसरीपेक्षा लांब वाटायला लागली, म्हणून दुसरी खोडली. तिसऱ्यांदा खोडरबर उचललं तेव्हा बाईंनी वही माझ्या हातातून काढून घेतली, मिटली आणि स्वतःच्या मांडीखाली सरकवून ठेवली.